एअर रायफलचे शॉट पसरत असतील तर दोष कुठे आणि कसा शोधावा

ठाणे आणि नवी मुंबई परिसरात ज्यांच्या हातात रायफल असते, त्यांतील बहुतेकांची रायफल दहा मीटरवर मारायची एअर रायफल असते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकारीच्या रायफलची चर्चा आपल्याकडे जवळपास संपली. उरली ती खेळाची रायफल. शस्त्र नियम, २०१६ नुसार ४.५ मिलिमीटरपर्यंतच्या आणि २० जूलपर्यंत ऊर्जा असलेल्या एअर रायफलला परवाना लागत नाही. म्हणून ती येऊरच्या जंगलात किंवा कर्नाळ्याच्या पायथ्याशी पाखरांवर चालवता येते, असा अर्थ मात्र कुणी काढू नये. तो गुन्हाच आहे. पुढे जे लिहिले आहे ते रेंजवर, कागदी किंवा इलेक्ट्रॉनिक लक्ष्यावर मारणाऱ्यांसाठी आहे.

प्रथम आपण किती बारीक मापाविषयी बोलत आहोत ते पाहू. दहा मीटर एअर रायफलच्या लक्ष्यावर दहाचा ठिपका अवघ्या अर्ध्या मिलिमीटरचा असतो आणि पेलेट, म्हणजे शिशाची छोटी गोळी, ४.५ मिलिमीटरचे असते. पेलेटची कड त्या ठिपक्याला लागली तरी दहा गुण मिळतात. याचाच अर्थ पेलेटचा मध्य लक्ष्याच्या मध्यापासून अडीच मिलिमीटरच्या आत पडला पाहिजे. त्या अडीच मिलिमीटरचे पुन्हा दहा भाग होतात आणि प्रत्येक पाव मिलिमीटरला एक दशांश गुण जातो. पनवेलमध्ये प्रशिक्षण देणाऱ्या सुमा शिरूर यांनी २००४ मध्ये क्वालालंपूरच्या आशियाई स्पर्धेत ४०० पैकी ४०० गुण मिळवले, तेव्हा त्यांची चाळीसही पेलेट या मर्यादेत पडली होती. ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील २०२२ मध्ये कैरोत जगज्जेता झाला, तोवर गुण दशांशात मोजले जाऊ लागले होते आणि नुसते दहा पुरेसे राहिले नव्हते. या मापात एखादा अर्धा फेरा ढिला झालेला स्क्रूसुद्धा गुणपत्रकावर दिसतो.

फैलाव की सरक

रायफल 'बिघडली' असे म्हणण्याआधी कार्डावर, म्हणजे कागदी लक्ष्यावर, नेमके काय दिसते ते ठरवावे. शॉट एकत्र, घट्ट पडत असतील पण सगळे एका बाजूला असतील, तर ती सरक आहे आणि तिचे कारण बहुधा साइटमध्ये (नेम धरण्याच्या साधनात), प्रकाशात किंवा शरीराच्या ठेवणीत असते. शॉट चारी दिशांना विखुरले असतील तर तो फैलाव आहे आणि त्यावर साइटच्या घुंडीचे क्लिक फिरवून काहीही साध्य होत नाही. आपल्या रेंजवर मात्र उलट चालते. दोन शॉट डावीकडे गेले की मागे उभा असलेला कुणीतरी ज्येष्ठ 'दोन क्लिक उजवीकडे मार' म्हणतो, पुढचे दोन उजवीकडे जातात, मग पुन्हा क्लिक परत. आणि तासाभराने मूळ दोष काय होता हे सांगणे कुणालाच शक्य नसते. निदान दहा शॉटचा एक ग्रुप (एकाच नेमाने मारलेल्या शॉटचा पुंजका) पूर्ण होईपर्यंत साइटला हात लावू नये. पाच शॉटचा ग्रुप योगायोगानेही घट्ट येतो.

फैलावाचा आकारही काही सांगतो. शॉट उभ्या रेषेत लांबले असतील तर पेलेटचा वेग कमीजास्त होणे, श्वास वेगवेगळ्या टप्प्यावर थांबवणे किंवा बटप्लेट खांद्यावर दर वेळी वेगळ्या उंचीवर बसणे, यांपैकी काहीतरी घडत असते. आडव्या रेषेत लांबले असतील तर ट्रिगरवरचे बोट बाजूला ढकलत असेल, रायफल डावीउजवीकडे कलत असेल किंवा पायांची दिशा लक्ष्याशी जुळत नसेल. गोल, सर्वत्र सारखा फैलाव दिसला तर आधी पेलेट आणि स्क्रू पाहावेत. हे संकेत आहेत, निकाल नाहीत.

रायफलला माणसापासून वेगळे करणे

माझ्या मते सगळ्या तपासणीत ही पायरी सर्वांत मोलाची आहे आणि नेमकी हीच टाळली जाते. टेबलावर वाळूची किंवा तांदळाची घट्ट पिशवी ठेवून रायफलचा पुढचा भाग तिच्यावर टेकवावा, मागे बटखाली दुसरी लहान पिशवी द्यावी, खुर्चीवर बसून दोन्ही कोपर टेबलावर ठेवावेत आणि अशा स्थितीत दहा-दहा शॉटचे तीन ग्रुप तीन वेगळ्या कार्डांवर मारावेत. पिशवीवर रायफलची टेकण्याची जागा प्रत्येक शॉटला तीच असावी. त्यासाठी स्टॉकवर (रायफलच्या दस्त्यावर) चिकटपट्टीची खूण करून ठेवणे बरे. बॅरल, म्हणजे नळी, कशालाही टेकता कामा नये.

चांगली मॅच (स्पर्धेची) रायफल आणि तिला मानवणारे पेलेट असेल तर दहा मीटरवर दहा शॉट मिळून जवळपास एकच छिद्र दिसते, ज्याचा बाहेरचा व्यास सुमारे पाच ते सहा मिलिमीटर भरतो. अनेक उत्पादक नव्या रायफलसोबत कारखान्यात मारलेले चाचणी कार्ड देतात. ते खोक्यासह फेकून न देता जपून ठेवावे, कारण तुलनेसाठी त्याहून चांगला पुरावा मिळत नाही. टेबलावरचा ग्रुप घट्ट आला आणि उभे राहून मारलेला विखुरला, तर रायफल निर्दोष आहे आणि पुढचे काम कोचबरोबर करायचे आहे. टेबलावरही ग्रुप विखुरला, तरच पुढच्या तपासण्यांकडे वळावे. प्रत्येक तपासणीत एकच गोष्ट बदलावी, बदलल्यावर पुन्हा तीन कार्डे मारावीत आणि कार्डाच्या मागे तारीख, पेलेटचा डबा व रायफलच्या हवेच्या सिलिंडरचा दाब लिहून ठेवावा. एकाच संध्याकाळी पेलेट बदलले, बॅरल साफ केले आणि स्क्रूही आवळले, तर दोष गेला तरी तो कशाने गेला हे कळत नाही, आणि तो परत आला की सगळे पुन्हा पहिल्यापासून करावे लागते.

पेलेट

मॅच पेलेटचे डोके सपाट असते, वजन साधारण अर्ध्या ग्रॅमच्या थोडे वर असते आणि शिसे मऊ असल्याने मागची पातळ झालर सहज दबते. डबा लोकलच्या गर्दीत किटबॅगेच्या तळाशी आदळत आला असेल तर वरच्या थरातील काही पेलेटची झालर लंबगोल झालेली दिसते. अशी पेलेट बाजूला काढून सरावाच्या सुरुवातीला वापरावीत, स्पर्धेसाठी नाही. डबा पँटच्या खिशात ठेवण्याची सवयही याच कारणाने सोडावी.

डब्यावर ४.४९, ४.५०, ४.५१ असे आकडे असतात. ते पेलेटच्या डोक्याचे माप आहे आणि कोणते माप आपल्या बॅरलला मानवेल हे किमतीवरून किंवा शेजारच्या लेनवरील मुलाच्या गुणांवरून ठरत नाही. एकाच मॉडेलच्या दोन रायफलींना दोन वेगळी मापे मानवतात. क्लबमधील चौघांनी वेगवेगळ्या मापांचे डबे घेऊन त्यांतील काही पेलेट आपसांत वाटून घेतली तर प्रत्येकाचा खर्च आटोक्यात राहतो. टेबलावरून मारून ज्याचा ग्रुप सर्वांत लहान येईल ते माप निवडावे आणि शक्य असल्यास त्याच बॅचचे डबे साठवावेत. महागडे पेलेट म्हणजे चांगला ग्रुप, ही समजूत पालकांच्या खिशाला फार जड जाते.

शिशावर दमट हवेत पांढुरकी पूड धरते. तशी पूड दिसणारे पेलेट वापरू नये, आणि पेलेट हाताळल्यावर, विशेषतः लहान मुलांनी, डबा उघडण्यापूर्वी साबणाने हात धुवावेत; इथे डबा जेवणाचा.

स्क्रू, बॅरल आणि साइट

पेलेट बदलूनही फैलाव राहिला तर स्टॉक आणि अ‍ॅक्शन (पेलेट भरण्याची व सोडण्याची यंत्रणा) जोडणारे स्क्रू पाहावेत. ते हाताला घट्ट लागतात म्हणजे घट्ट असतातच असे नाही, आणि 'अजून थोडे' म्हणून जोर लावला तर आटे जातात किंवा लाकडी स्टॉक दबतो. रायफलच्या पुस्तिकेत दिलेल्या मापाइतकेच, टॉर्क रेंच (ठरावीक जोरानेच आवळणारा पाना) वापरून, आळीपाळीने आवळणे हा एकच योग्य मार्ग आहे. क्लबमध्ये असे एक रेंच सर्वांसाठी ठेवलेले असावे. त्यानंतर मागच्या साइटची पट्टी, पुढच्या साइटची नळी, बॅरलवरची वजने, बटप्लेट आणि चीकपीस (गाल टेकायचा भाग) एकेक करून हलवून पाहावेत. मागची साइट दोन बोटांत धरून हलकेच डावीउजवीकडे ढकलावी. तिच्यात जाणवेल इतकी हालचाल असेल तर पुढची तपासणी तिथेच थांबवावी.

साइटच्या क्लिकविषयी एक गोंधळ वारंवार दिसतो. काही साइटवरील अक्षर 'शॉट जिथे पडला आहे तिकडे फिरवा' असे सांगते, तर काहींवरील अक्षर 'शॉट इकडे सरकेल' असे सांगते. सेकंडहँड रायफल घेतलेल्याने पहिल्याच दिवशी टेबलावरून पाच शॉट मारावेत, मग दहा क्लिक एका दिशेला फिरवून पाच, आणि तेवढेच क्लिक परत फिरवून आणखी पाच. यातून दिशा कळते, एका क्लिकला शॉट किती सरकतो हे मोजता येते आणि शेवटचे पाच पहिल्या पाचांवर पडले की साइटमध्ये ढिलाई नसल्याची खात्रीही होते. परतीचे पाच भलतीकडे पडले तर साइटच्या आतील आटे झिजलेले आहेत.

पुढच्या साइटमधील रिंग फार लहान निवडली तर लक्ष्याचा काळा गोल आणि रिंग यांच्यामधली पांढरी कड इतकी अरुंद होते की डोळा तिच्यावर ताण देत बसतो, आणि नेम स्थिर असूनही हलतो आहे असे वाटून बोट घाई करते. नवशिक्यांना मी थोडी मोठी रिंग सुचवेन.

बॅरलची सफाई हा अतिरेकाचा विषय आहे. काहीजण ती वर्षानुवर्षे करत नाहीत, काहीजण दर रविवारी करतात. दोन्ही चूक. काही शे पेलेटनंतर, उत्पादकाने सांगितलेल्या दिशेने, फेल्टचे सफाई पेलेट किंवा दोरीने ओढायचे कापड वापरावे; लोखंडी सळई बॅरलमध्ये घालू नये, कारण तोंडाशी पडलेला एक ओरखडा कायमचा राहतो. सफाईनंतरचे पहिले दहा-वीस शॉट इकडेतिकडे जातात आणि मग ग्रुप पुन्हा बसतो, म्हणून स्पर्धेच्या सकाळी बॅरल साफ करू नये.

हवेचा दाब

सिलिंडरच्या रायफलमध्ये उभ्या फैलावाचे मूळ बहुतेकदा इथे सापडते. मॅच रायफलमधून पेलेट सेकंदाला सुमारे १७० ते १७५ मीटर वेगाने निघते आणि दहा मीटर अंतरात गुरुत्वाकर्षणाने सतरा मिलिमीटरच्या आसपास खाली येते. साइट हा उतार गृहीत धरूनच लावलेली असते. वेग दहा मीटरने घटला तर पेलेट आणखी सुमारे दोन मिलिमीटर खाली पडते, म्हणजे सात-आठ दशांश गुण गेले, आणि नेमबाजाला मात्र शॉट अगदी स्वच्छ सुटला असे वाटत राहते.

सिलिंडरमधला दाब रेग्युलेटरच्या (प्रत्येक शॉटला सारखा दाब देणाऱ्या भागाच्या) दाबाखाली उतरला की प्रत्येक शॉट आधीच्यापेक्षा थोडा खाली जाऊ लागतो. सिरीजच्या (सलग मारलेल्या शॉटच्या मालिकेच्या) अखेरीस शॉट पायरीपायरीने उतरताना दिसले तर श्वासावर व्याख्यान ऐकण्याआधी गेज पाहावे. उलट, पाच-सात मिनिटे थांबून मारलेला पहिला शॉट दर वेळी वर जात असेल, तर रेग्युलेटरमधून हवा हळूहळू झिरपून दाब वाढत असण्याची शक्यता आहे. क्लबकडे क्रोनोग्राफ (वेग मोजणारे यंत्र) असेल तर दहा शॉटचा वेग लिहून काढावा. सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी वेगातील फरक तीन-चार मीटरच्या आत असेल तर हवेची बाजू ठीक समजावी. ब्रीचच्या (पेलेट भरायच्या जागेच्या) सीलची गळती पाहण्यासाठी टिश्यू पेपरची पातळ पट्टी ब्रीचच्या फटीजवळ ठेवून, बॅरल सुरक्षित दिशेला धरून शॉट सोडावा. पट्टी फडफडली तर सील झिजले आहे.

सिलिंडर भरताना हवा सावकाश सोडावी. घाईने भरले तर सिलिंडर तापते, गेज २०० बार दाखवते आणि थंड झाल्यावर ते खाली येते. ती गळती नसते. हातपंपाने भरणाऱ्यांनी जून ते सप्टेंबर या काळात विशेष काळजी घ्यावी, कारण खाडीकाठच्या दमट हवेतले पाणी पंपातून थेट सिलिंडरमध्ये आणि तिथून रेग्युलेटरमध्ये जाते. पंपाला पाणी अडवणारा फिल्टर हवाच. सिलिंडरमध्ये ऑक्सिजन कधीही भरू नये आणि हवेच्या मार्गात साधे मशीन ऑइल घालू नये, यातून स्फोट होऊ शकतो. सिलिंडरवर कोरलेली तारीखही वाचावी; मुदत संपलेले सिलिंडर कितीही चांगले दिसत असले तरी वापरातून काढावे.

स्प्रिंगच्या, बॅरल मोडून भरायच्या रायफलींची गोष्ट थोडी निराळी आहे. त्यांत पेलेट बॅरलमधून बाहेर पडण्याआधीच जड पिस्टन धावत असतो आणि रायफल हलते, म्हणून ती घट्ट आवळून धरली किंवा टणक टेबलावर टेकवली तर ग्रुप पसरतो. तळहातावर सैलसर, दर वेळी त्याच जागी टेकवून मारावे, बॅरलच्या बिजागरीचा स्क्रू तपासावा आणि पेलेट न घालता ट्रिगर दाबू नये, कारण त्याने पिस्टनचे सील फुटते. अशा रायफलवर दुर्बीण बसवली असेल तर तिचे माउंट मागे सरकले आहे का हे पाहावे.

रायफल ठीक निघाली तर

टेबलावरचा ग्रुप घट्ट आणि उभा ग्रुप सैल असेल तर सर्वांत आधी कल तपासावा, कारण तो नेमबाजाला स्वतःला दिसत नाही. रायफल फक्त पाच अंश उजवीकडे कलली तरी शॉट सुमारे दीड मिलिमीटर उजवीकडे जातो, आणि दर शॉटला कल वेगळा असेल तर ग्रुप आडवा पसरतो. मागून मोबाइलवर सिरीजचा व्हिडिओ काढला तर हे लगेच उघड होते. काहीजण रायफल मुद्दाम थोडी कलती धरतात. कल नेहमी सारखा असेल तर त्यात गैर काही नाही.

त्यानंतर शरीराची नैसर्गिक दिशा पाहावी. नेम धरून डोळे मिटावेत, दोन श्वास घ्यावेत आणि डोळे उघडावेत. रिंग लक्ष्याच्या बाजूला गेलेली दिसली तर हातांनी ती ओढून आणू नये, पाय हलवावेत. गाल चीकपीसवर दर वेळी सारख्या दाबाने टेकतो का, शॉट सुटल्यावर निदान एक सेकंद डोळा रिंगमधून पाहत राहतो का, आणि नेम आठ-दहा सेकंदांत लागला नाही तर रायफल खाली घेण्याचा धीर आहे का, हे कोचने शेजारी उभे राहून पाहायचे असते. चष्मा लावणाऱ्यांनी शूटिंगच्या फ्रेममधली काच नजरेच्या रेषेला काटकोनात आहे याची खात्री करावी. खिडकीतून एका बाजूने ऊन येणाऱ्या रेंजवर सकाळचा झिरो (मध्यावर लावलेली साइट) दुपारी सरकलेला दिसतो, त्यासाठी साइट उघडून बसण्याची गरज नसते.

पावसाळा

आपल्या भागातील रायफलींचे अर्धे गाऱ्हाणे जुलैमध्ये सुरू होते. कागदी कार्ड दमटपणाने फुगते, होल्डरमध्ये सपाट बसत नाही आणि छिद्राची कड फाटल्याने गुण मोजताना वाद होतात. कार्डे हवाबंद डब्यात ठेवावीत. लाकडी स्टॉक ओलावा शोषतो, म्हणून या चार महिन्यांत स्क्रूचा टॉर्क अधिक वेळा तपासावा. एसी खोलीतून काढलेली रायफल दमट रेंजवर आणली की साइटच्या काचांवर आणि धातूवर वाफ धरते, त्यामुळे पहिला शॉट मारण्यापूर्वी केस उघडून पंधरा-वीस मिनिटे थांबावे. भिजलेल्या केसमधल्या फोममध्ये रायफल रात्रभर ठेवली तर स्क्रूच्या डोक्यांवर गंज येतोच. घरी आल्यावर ती बाहेर काढून कोरड्या कापडाने पुसावी, केस पंख्याखाली वाळवावी आणि सिलिका जेलच्या पिशव्या महिन्याला बदलाव्यात. जॅकेट आणि हातमोजा घामाने मऊ पडला की त्यांचा आधार बदलतो आणि शॉट खाली उतरतो, याकडेही लक्ष असावे.

एवढे करूनही टेबलावरचा ग्रुप सुधारला नाही, तर रेग्युलेटर, व्हॉल्व्ह किंवा ट्रिगरचा आतला भाग घरी उघडू नये, कारण दाबाखालचे सुटे भाग डोळ्याला इजा करतात. आर्मररकडे (रायफल दुरुस्त करणाऱ्याकडे) जाताना रायफल रिकामी असल्याचे तपासून त्यात ते दाखवणारा सेफ्टी फ्लॅग घालावा, सिलिंडर वेगळे काढावे, आणि सोबत मूळ चाचणी कार्ड, आपण मारलेली तारीखवार कार्डे, वापरत असलेल्या पेलेटचा डबा व वेगाच्या नोंदी द्याव्यात. 'नेम लागत नाही' एवढेच सांगितले तर तो सगळे पुन्हा पहिल्यापासून तपासणार आणि त्या तासांचे पैसे लावणार. 'टेबलावरून, याच पेलेटने, दीडशे बार दाबावर, दर सिरीजचा पहिला शॉट चार मिलिमीटर वर जातो' असे सांगितले तर तो थेट रेग्युलेटर उघडेल.